गोधड्यांचे वरचे पदर तयार आहेत, टाके राहिलेत. मन कसं लावायचं?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. विषय थेट मांडते. ठिगळं जोडून पूर्ण झालेले, इस्त्री फिरवून घडी घातलेले गोधडीचे वरचे पदर माझ्याकडे डझनभराच्या घरात साठलेत. अस्तर नाही, मधला थर नाही, टाके नाहीत. नुसते पदर.

जोडकामात मी रमते. मुंबईहून गणपतीला येणारी माणसं शर्टांची, कुर्त्यांची कापडं घेऊन येतात. शिंपीकाका उरलेले तुकडे बाजूला ठेवतात. कुठल्या खणाशेजारी कुठली छापील पट्टी खुलेल हे बघत बसले की दुपार कशी सरते कळत नाही. पण पदर पुरा झाला की पुढचं काम डोळ्यासमोर येतं. ओटी रिकामी करा, अस्तर अंथरा, सुरकुत्या काढा, गुडघ्यांवर बसून कच्चे टाके घाला आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोरा. इथे हात थांबतो आणि मी नवीन पदर जोडायला घेते.

बाहेरून शिवून आणायचं नाही हे माझं पक्कं आहे. टाके माझ्या हातचे हवेत. त्यातला एक पदर सासूबाईंच्या लुगड्यांचा आहे, तो तर दुसऱ्या कुणाच्या हाती देववणारच नाही. नुकताच शिमगा झालाय. पाऊस यायच्या आत निदान काही तरी मार्गी लागावं असं फार वाटतं. तुमच्यापैकी कुणी या टप्प्यावरून पुढे गेलं असेल तर कसं गेलात ते सविस्तर लिहा. मी गुहागरजवळ राहते, त्यामुळे आपल्याकडची हवा लक्षात घेऊन सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

खाडीकाठ:
सुरंगीताई, आधी सगळे पदर बाहेर काढा आणि पडवीत वाऱ्यावर पसरा. थेट उन्हात नको, खणाचे आणि इरकलीचे रंग उडतात. प्रत्येक पदराजवळ थोडं थांबा. हा कुणासाठी जोडला होता? ज्याचं उत्तर पटकन येतं, तो बाजूला काढा. पहिला तोच घ्यायचा.

नुसतं "गोधड्या पूर्ण करायच्या" म्हटलं की काम डोंगराएवढं होतं आणि माणूस बसतच नाही. "पुतणीच्या बाळाची गोधडी" म्हटलं की हात चालतो, कारण बाळ काही आपल्यासाठी थांबणार नाही. माझ्या राजापूरच्या घरी हेच बघत आले. पहिलटकरणीला सातवा लागला की घरातल्या म्हाताऱ्या जुनी मऊ लुगडी काढून बसायच्या. मन लागतं की नाही हे कुणी विचारत नसे. माणूस ठरलेलं असायचं आणि वेळही.

धावदोरा:
खाडीकाठ यांच्याशी सहमत. त्यात माझं थोडं वेगळं म्हणणं जोडते, कारण हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आपल्या आज्यांच्या घरी असे नुसते पदर साठलेले कधी पाहिलेत का? मी तरी नाही. त्यांची पद्धतच तशी होती. खाली लुगडं अंथरायचं, त्यावर जुनी धोतरं, विटलेल्या साड्या, आणि वर ठिगळं. ठिगळाची कड आत दुमडून जो धावदोरा घातला जायचा तो खालपर्यंत सगळ्या थरांतून जायचा. म्हणजे ठिगळ जोडणं आणि गोधडी शिवणं एकाच टाक्यात. वरचा पदर असा वेगळा तयारच व्हायचा नाही, तर साठणार कुठून?

आपल्याला खालच्या अंगाला हे अजूनही बघायला मिळतं. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका 'कवंदी' म्हणजे त्यांच्याकडची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात, चारी बाजूंनी फिरत आत येतात आणि मध्यावर संपवतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या छोट्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. त्या नसतील तर कवंदी त्यांना पुरी वाटत नाही.

शिवणयंत्रावर वेगळा पदर जोडायची रीत आपल्याकडे नंतर आली. ती सुंदर आहे, तिच्यात नक्षी जास्त साधते. पण तिने एका कामाची दोन कामं केली, आणि गंमतीचा भाग सगळा पहिल्या कामात गेला. सुरंगीताई, तुमचा आळस वगैरे काही नाही यात. कामाची रचनाच अशी झाली आहे. म्हणून माझा सल्ला असा की जे साठलेत ते पुरे कराच, पण यापुढची एक तरी गोधडी जुन्या पद्धतीने, थरांवरच ठिगळ लावत शिवा. अर्धी झाली तरी ती अर्धी गोधडी असते, नुसता पदर नसतो.

मालवणी मुलूख:
माझ्या आवशीन एकव गोधडी अर्धी सोडल्यान नाय. ती सांगायची, मिरगाआधी गोधडी तयार होयी, नायतर पावसात पोरांका काय पांघरूक घालतलंय? दुपारची जेवणा झाली काय शेजारची काकी येय. एक ह्या बाजून, एक त्या बाजून, नि मधे गजाली. गजाली संपूच्या आधी गोधडी संपा. एकट्यान बसाचा काम नाय ता, इतक्याच माझा म्हणणा.

पायमशीन:
मी मशीनवर टाके घालते आणि त्याला गोधडीच म्हणते. हाताने घालायला मिळाले तर उत्तमच, पण डझनभर पदर असतील तर त्यातले काही मशीनवर घ्या. उभ्या सरळ रेषा मारा, बस्स. नक्षीच्या मागे लागू नका. टाका नेहमीपेक्षा लांब ठेवा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. सुरुवात मध्यापासून करून कडेकडे जा, म्हणजे सुरकुती बाहेर सरकते. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा धरतो. आपल्या काळ्या घरगुती मशीनच्या गळ्यात जागा कमी असते, म्हणून गोधडीची दोन्हीकडून गुंडाळी करायची आणि उरलेलं वजन शेजारी दुसऱ्या टेबलावर टाकायचं. खाली लोंबू दिलं तर कापड ओढलं जातं आणि टाके वाकडे पडतात.

तिन्ही थर एकसारखे सरकवणारा जाड पाय मिळतो, त्याला वॉकिंग फूट म्हणतात. तो तुमच्या मशीनला बसतो का ते दुकानात मशीनचा प्रकार सांगून बघा. फार फरक पडतो.

धावदोरा:
पायमशीनताई, तंत्र छानच सांगितलंत. पण सासूबाईंच्या लुगड्यांचा पदर मशीनखाली घालू नये असं मला मनापासून वाटतं. जुनं सुती कापड झिजलेलं असतं, मशीनची सुई त्याचे धागे तोडते आणि काही धुण्यांनंतर रेषेवर फाटतं. तिथे बारीक सुई, सुती दोरा आणि हातच हवेत.

पायमशीन:
हे मात्र खरं. जुन्या कापडाला हातच. मी म्हणत होते ते नव्या तुकड्यांच्या पदरांबद्दल.

वाशिष्ठी:
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीतलं कपाट पाण्यात गेलं. त्यात माझे जोडून ठेवलेले पदर होते. शेवटी चिखलाचे डाग निघालेच नाहीत. वापरातल्या गोधड्या मात्र वरच्या मजल्यावर माणसांच्या अंगाखाली होत्या, त्या राहिल्या. त्यानंतर मी कापड साठवून ठेवण्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

पूर सोडून द्या, तो रोज येत नाही. पण आपल्या किनाऱ्याची नुसती हवा घडीत ठेवलेल्या कापडाचं काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ओल असते. काळे बारीक ठिपके पडतात आणि ते एकदा सुतात शिरले की जात नाहीत. कसर लागते. रेशमी काठ एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिला की त्या रेषेवर चिरतो. म्हणून जे पदर लगेच होणार नाहीत त्यांची घडी अधूनमधून बदला, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती पंचात गुंडाळा. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. बाळाच्या गोधडीत डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यातलं नॅफ्थलीन तान्ह्या बाळांना खरोखर घातक असतं, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

आणखी एक, कारण हे परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. थर एकत्र धरायला ते सेफ्टी पिना लावायला सांगतात. आपल्या खाऱ्या हवेत पिना लावलेली गोधडी पावसाळाभर पडून राहिली तर पिना गंजतात आणि प्रत्येक पिनेखाली तांबूस डाग पडतो. आपल्याकडे दोऱ्याचे कच्चे टाकेच बरे. पांढरा सुती दोरा, वीतभर अंतरावर ओळी, बोटभर लांब टाके. ते कितीही दिवस राहिले तरी कापडाला इजा नाही.

सुरंगी:
वाशिष्ठीताई, तुमचे पदर गेले हे वाचून फार वाईट वाटलं. लिहिलंत त्याबद्दल आभार.

काल सगळं पडवीत पसरलं. खाडीकाठ म्हणाल्या तसंच झालं. तीन पदरांकडे बघताच माणूस आठवलं. एक भाचीच्या बाळासाठी, एक माझ्या भावासाठी, आणि सासूबाईंचा तो घरासाठी. उरलेल्यांपैकी दोन मला आता आवडतच नाहीत, ते स्वच्छ कळलं.

मालवणी मुलूख म्हणतात ते मनाला लागलं. माझ्या शेजारी आता कुणी शिवणारं नाही. पण त्यावर विचार करते आहे.

एक अडचण उरते. मधे काय घालू? कापूस घालून गादीसारखी जाड गोधडी इथे कुणी पांघरणार नाही.

अबोली फुलं:
मधे जुनी साडी घाला, कापूस नकोच. कापूस टाकला तर टाके जवळजवळ घालावे लागतात, नाहीतर धुताना गोळे होतात. शिवाय पावसात तो वाळता वाळत नाही.

मी हिशोब सांगते, माझ्या आईने शिकवलेला. एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच धरा. अस्तर चारी बाजूंनी तीन तीन इंच जास्त हवं, म्हणजे ६६ बाय ९६. नऊवारी लुगडं नऊ वारांचं, म्हणजे ३२४ इंच लांब. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचाच्या आसपास. त्याचे ९६ इंचांचे तीन तुकडे करा, २८८ इंच संपले. दोन तुकडे लांबीत एकमेकांना जोडले की शिवणीत जाणारं कापड वजा होऊन रुंदी ८९ होते. ६६ ठेवून उरलेली २३ इंची पट्टी कापून घ्या आणि तिसऱ्या तुकड्याला जोडा. तो ६७ च्या आसपास होतो, तुमचा मधला थर तयार. उरलेल्या ३६ इंचांतून अडीच इंची आडव्या पट्ट्या कापा. आठ पट्ट्यांना २० इंच लागतात. गोधडीचा घेर ३०० इंच, त्यामुळे सांधे धरूनही कडेला लावायचा गोट सहज निघतो. अस्तर, मधला थर आणि गोट, सगळं एका लुगड्यात. लुगडं घेण्याआधी विरलेला भाग कुठे आहे तेवढा उजेडावर धरून बघा आणि तो मधल्या थरात जाईल असं कापा.

पाचवारी साडी लांबीला १९२ इंच भरत असेल तर तीत अस्तर तेवढं निघतं. मग मधला थर घालूच नका. दोन पदरी गोधडी किनाऱ्यावर वर्षाचे आठ महिने पांघरता येते आणि तिचे टाके निम्म्या कष्टात होतात, कारण सुई सहज पार जाते. मला तर वाटतं, तुमचे बरेचसे पदर दोन पदरीच करा.

खाडीकाठ:
अबोलीताई, हा हिशोब मी वहीत उतरवून घेतला.

परदेशी वेंगुर्लेकर:
मी वेंगुर्ल्याची, आता अमेरिकेत. इथे ज्या गटात मी शिवायला जाते तिथे प्रत्येकीकडे असा ढीग आहे, त्यामुळे हा धागा आवडीने वाचते आहे.

अलाबामामधल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि जगभर गाजल्या. गरीब शेतमजुरांची वस्ती. जुन्या कामाच्या पँटी, खताची पोती, जे असेल ते जोडलेलं. मला त्यांची कामाची वाटणी फार शहाणपणाची वाटते. वरचा पदर प्रत्येक बाई आपल्या मनाने, एकटीने जोडायची. टाके घालायला मात्र शेजारणी जमायच्या, गाणी म्हणायच्या. जोडकामात आपली निवड असते, तिथे एकांत हवा. टाक्यांना सोबत हवी. मालवणी मुलूख यांच्या आवशीने आणि जीज बेंडच्या बायकांनी एकच गोष्ट केली आहे.

न आवडणाऱ्या दोन पदरांबद्दल: ते देऊन टाका. आमच्या गटात पदर देण्याघेण्याचा दिवस असतो. एकीला नकोसा झालेला दुसरी आनंदाने पुरा करते.

धावदोरा:
देण्याला माझी हरकत नाही, पण देताना अस्तराचं कापड सोबत द्या. नुसता पदर दिला तर तो त्यांच्या कपाटात जाऊन बसेल.

ओटीपडवी:
मी आगर सांभाळते, त्यामुळे वेळेचं बोलते. आत्ता चैत्रात कुणी दुपारभर सुई घेऊन बसू शकत नाही. आंबे उतरायचे, रातांबे फोडायचे, आंबापोळीच्या थाळ्या उन्हात, पापड, मिरच्या, सगळी आगोटीची कामं. पाऊस यायच्या आत बारा गोधड्या होणारच नाहीत, आणि तसं ठरवून सुरुवात केली तर मे संपता संपता मन उतरेल.

काम दोन ऋतूंत वाटून घ्या. अंथरायचं, ताणायचं, कच्चे टाके घालायचे, एवढं कोरड्या दिवसांतच करा. त्याला ऊन हवं. अस्तर, लुगडं, पदर, सगळं कडक उन्हात वाळलेलं हवं, कारण थरांत एकदा ओल कोंडली की आतून बुरशी धरते. एका सकाळी एका गोधडीचे कच्चे टाके होतात. थाळ्या वाळत असतात तेवढ्यात उरकतं. पक्के टाके पावसात. लावणी आटपली, आषाढ लागला, वीज गेलेली, बाहेर जाता येत नाही, तेव्हा पडवीच्या उजेडात मांडीवर गोधडी घेऊन बसायचं. मांडीवर ऊब मिळते आणि काम पुढे सरतं. रोज शिवून झाली की दांडीवर पसरून टाका, घडी घालून ठेवू नका. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा पांघरायला निदान दोन नवीन असतील.

सुरंगी:
ओटीपडवी, हे वाचून मोकळं वाटलं. "पावसाआधी सगळ्या" हेच डोक्यात बसलं होतं. आता पावसाआधी फक्त कच्चे टाके, तेही त्या तीन पदरांचे. बाळाची गोधडी दोन पदरी, पाचवारीच्या अस्तराची. भावाची मशीनवर, उभ्या रेषांत. सासूबाईंची हाताने, आणि तिला वेळेचं बंधन नाही. न आवडणारे दोन पदर अस्तरासकट द्यायचे आहेत, कुणाला हवे असतील तर विपू (विचारपूस) करा.

बाकीच्यांना या वर्षी हात लावणार नाही. वेखंड घालून पंचात बांधते.

एक शंका. भावाच्या पदरात लाल खण आहे आणि शेजारी पांढऱ्या शर्टाचं कापड. रंग जाईल का?

पायमशीन:
शिवण्याआधीच बघा. ओला पांढरा फडका लाल कापडावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर पदर गार पाण्यात थोडं मीठ घालून आणि पांढरा फडका सोबत टाकून धुऊन बघा. मिठाने रंग पक्का होईलच असं नाही, पण सुटा रंग निघून गेलाय का ते कळतं. पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा गार पाणी घ्या. तरी रंग सुटतच राहिला तर तेवढी ठिगळं उसवून बदला. गोधडी झाल्यावर पांढरं गुलाबी झालं की इलाज नाही.

वाशिष्ठी:
आणि पदर धुवायचा तर वॉशिंग मशीनमध्ये नको. उघड्या शिवणींचे दोरे सुटतात. टबात, हाताने, न पिळता.

दापोलीची माहेरवाशीण:
मी आत्तापर्यंत वाचक होते. सुरंगीताई, शेजारी शिवणारं कुणी नाही म्हणालात. माझ्याकडेही असेच पदर आहेत आणि मलाही एकटीने बसवत नाही. मी दापोलीला असते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने आले तर तुमच्याकडे पोचायला फार वेळ लागणार नाही. एक दिवस तुमच्या ओटीवर दोघींच्या गोधड्यांचे कच्चे टाके घालू, पुढच्या वेळी तुम्ही माझ्याकडे या. मला लांब टाके भरभर घालता येतात, ताणून अंथरायचं मात्र तुम्ही शिकवा.

सुरंगी:
या ना, नक्की या! बुधवारी चालेल का? मंगळवारी रातांबे आहेत. येताना तुमचा पदर आणि अस्तर दोन्ही धुऊन, वाळवून आणा. ओटीवर एका वेळी एकच मोठी अंथरता येईल, म्हणून आधी तुमची घेऊ म्हणजे परतीची बोट चुकणार नाही. लांब सुया माझ्याकडे आहेत. दोऱ्यावर फिरवायला मधमाशीचं मेण संपलंय, तुमच्याकडे असेल तर आणा.

दापोलीची माहेरवाशीण:
बुधवार पक्का. मेण आहे. अंगुस्तानही दोन आणते.

मालवणी मुलूख:
फोटो टाकूक विसरू नकात गो.